चित्रकलेच्या तासाला समाजभान

सोमवार, ६ जानेवारी
आठवीला आजपासून फुलदाण्या बंद. समाजातल्या अन्यायाचे फोटो मोबाइलवर काढून आणायचे. असा शिक्षक मिळाला हे शाळेचं नशीब. कोणी म्हणत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.
उरलेल्या वेळात रंगकाम. लंबूचं चित्र आजही अर्धंच. आळशी मुलगी. ज्याने रंग आणले नाहीत त्याने सगळ्यांच्या वाट्या आणि ब्रश धुवायचे, हा माझा नियम. तेवढं मात्र ती बिनबोभाट करते.

गुरुवार, ९
फोटो आले. निम्म्यांनी गृहपाठाच्या वहीचाच काढलाय. लेकाचे!
चष्मेवालीचा फोटो मात्र कमाल. कोपरापर्यंत ओल्या बाह्या, वाट्यांचा ढीग, चेहरा नाही. हॉटेलात राबणारी पोर. चष्मेवाली काहीतरी सांगायला आली होती. कलाकाराने बोलू नये, चित्राने बोलावं, असं समजावून पिटाळली.

मंगळवार, १४
फोटो मोठा करून घेतला. खाली मीच लिहिलं: ‘हिचं बालपण कुणी हिरावलं?’ बायको म्हणाली, वाट्यांत निळा रंग दिसतोय. म्हटलं, प्रकाशाचा खेळ. तिला कलेतलं कळत नाही, पण मी कधी बोलून दाखवत नाही.

शनिवार, १८
प्रदर्शन. मुख्याध्यापिका फोटोपाशी थबकल्या. हे हॉटेल कुठलं, तक्रार करायला हवी, म्हणाल्या. मी गंभीरपणे मान हलवली.
चष्मेवाली म्हणाली, “बाई, हॉटेल नाही. आपल्या चित्रकलेच्या वर्गातलं बेसिन आहे. लंबू धुतेय.”
पालक माझं वाक्य पुन्हा वाचू लागले. लंबू मागेच उभी. भिंतीवर तिचं एकही चित्र नाही. पूर्ण झालेलीच लावायची, हेही मीच ठरवलेलं. तिच्याकडे बघवेना. फार लाज वाटली.

रविवार, १९, दुपार
जेवण गेलं नाही. पोर अर्धा तास बेसिनपाशी, आणि मी तिला आळशी म्हणतोय! अर्थात फोटोत नळ नीट आला असता तर मी ओळखलंच असतं. ते असो. नियम रद्द. लंबूला माझे स्वतःचे रंग. ब्रश मी धुणार.

सोमवार, २०
रंग दिले. लंबू तासभर मान वर न करता रंगवत होती. चित्र पूर्ण झालं. मला इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले.
ब्रश धुवायला उठलो. पण अंगात नवा शर्ट, त्यात सर्दी. चष्मेवाली रिकामीच बसली होती. म्हटलं, आजच्या दिवस तू धू.
तिने बाह्या वर केल्या आणि आपला मोबाइल लंबूच्या हातात दिला.