मीराचं गळालेलं ‘नॉट’

पिनर, लंडन, मंगळवार, १४ नोव्हेंबर १९९५

माझी मुलगी मीरा सॉलिसिटरच्या ऑफिसात ट्रेनी आहे. तिथे पूर्वी दोघं समोरासमोर बसून करार मोठ्यानं वाचत, प्रती ताडून पाहत. आता ते कॉम्प्युटर करतो. आज तिच्या एका करारातलं ‘नॉट’, म्हणजे ‘नाही’, गळालेलं निघालं. दोन्ही प्रतींत नव्हतंच, मग कॉम्प्युटर फरक काय दाखवणार? साहेब म्हणाले, पुन्हा असं झालं तर नोकरीवर ठेवणार नाही.

मी म्हटलं, “मी पोथी मोठ्यानं वाचते तेव्हा हसतेस ना?”

“आई, टॉन्ट नको. उद्याचं अ‍ॅग्रीमेंट ऐकतेस?”

माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. तरी दुसऱ्या प्रतीवर बोट ठेवून बसले. ती स्वल्पविरामसुद्धा मोठ्यानं म्हणत होती. तिसऱ्या पानावर थांबली.

“आई, इथे ‘नॉट’ हवं.”

माझ्या प्रतीतही नव्हतं. मला कळलं नसतं. तिच्या कानाला कळलं.