कृपया रांगेत उभे राहावे

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार गुदरावयाची आहे. तू घडवून पाठवलेली बाबांची नवी कवळी वाजवीपेक्षा चांगली बसली आहे. जुनी होती तेव्हा बाबा जेवताना भाषण सुरू करीत, तिसऱ्या वाक्याला ती सैल होई आणि आम्हां नवराबायकोची सुटका होई. आता ते अखंड बोलतात. काल पावाची कुरकुरीत कड चावत त्यांनी मला पाऊण तास सुनावले, की मी जिना उतरताना पाय घासतो. तेही नेहमीप्रमाणे अहो-जाहो करून. पोटच्या पोराला 'आपण पाय उचलत नाही' असे म्हणणारा बाप जगात दुसरा नसेल. इतके निर्दोष काम करणे हा तुमच्या दंतविद्येतला अतिरेक आहे. माझा पूर्वपक्ष संपला. उत्तरपक्ष तू मांड.

फोन सोडून पत्र का, तर फोन बाबांच्या खुर्चीला लागून आहे आणि त्यांचे कान अजून मूळचेच आहेत. तुझे उत्तरही घरी नको, माझ्या कामाच्या पत्त्यावर पाठव.

आता मुद्दा. आमच्या चित्रपट मंडळाने यंदा युद्धातल्या बंदीछावण्यांवरच्या चित्रपटांचा आठवडा ठरवला आहे. भाषांतर माझ्या गळ्यात. पडद्याच्या तळाशी जी अक्षरे उमटतात ती मी लिहितो, आणि तू लोकांना 'माझा भाऊ सिनेमात आहे' असे सांगतेस, हे मला कळलेले आहे. धंद्याचा नियम कडक. एका वेळी दोन ओळी, ओळीत बत्तीस अक्षरे, चार सेकंदांत खलास. मरणारा माणूस कितीही बोलो, त्याला माझ्याकडून चौसष्ट अक्षरे. अकरा वर्षे संस्कृत शिकून सूत्रकार झालो तो असा.

आठवड्यातला पहिलाच चित्रपट सगळ्यांत अवघड आहे. तारेचे कुंपण, पहाटेची हजेरी, खाणीत राबणारे कैदी, पहारेकऱ्यांचा आरडाओरडा. मंडळाचे पत्रक बाबांच्या हाती लागले आणि चाचणीच्या खेळाला आपण येणार, पुढे बसणार, असे त्यांनी जाहीर केले. तेविसाव्या वर्षी ते अशाच छावणीत गेले, सव्विसाव्या वर्षी परत आले. त्यावर आपण दोघांनी जन्मभरात तीन वाक्ये ऐकली आहेत: थंडी होती, सूप पातळ होते, परत आलो. जिन्यावर पाऊण तास बोलणारा माणूस तीन वर्षांवर तीन वाक्ये बोलतो. शिवाय गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाला जपायला सांगितले आहे, ते तू विसरली नसशील.

चित्र मला बदलता येत नाही, पण शब्द माझ्या हातात आहेत. चाचणीपुरते पहारेकऱ्यांचे बोलणे सौम्य करावे, जाहीर खेळाआधी पुन्हा होते तसे करावे, असा बेत आहे. ती भाषा या गावात माझ्याशिवाय येते कुणाला? तू थोरली आहेस. परवानगी दे, नाहीतर कान उपट.

तुझा लोभही त्या कवळीइतकाच घट्ट बसलेला राहो.

तुझा,
शास्त्री


९ मार्च

चि. शास्त्रीबुवांस,
अ. उ. आ.

तुझी तक्रार फेटाळली आहे. बाबांच्या जबड्याचं माप मी स्वतः घेतलं होतं. तोंडात मेण असताना ते सहा मिनिटं गप्प बसले, तो आपल्या घराण्यातला विक्रम आहे. त्या सहा मिनिटांची भरपाई तुझ्याकडून चालली असेल तर मी काय करू?

बाकी पत्र मी कामावर वाचलं आणि हातातला कुणाचा तरी वरचा सुळा कवळीत उलटा बसवला. पुन्हा करावा लागला. तुझ्यामुळे.

मला त्यांच्या कोटांचे खिसे आठवले. लहानपणी आपण खाऊ शोधायचो आणि प्रत्येक खिशात बुटाच्या नाड्यांची एक गुंडाळी सापडायची. घरात चार कोट, चार गुंडाळ्या. कशाला म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, लागतात. आई म्हणाली, विचारू नको. मी पुढे कधीच विचारलं नाही, आणि तेव्हापासून मला वाटत आलंय की न विचारणं म्हणजेच माया. म्हणून सांगते, कर सौम्य. डोळ्यांना दिसायचं ते दिसेल, शब्द तरी टोचायला नकोत. पाप माझ्या माथी.

त्यांच्या शेजारी बस. हात धरू नको, त्यांना आवडत नाही. आपली बाही त्यांच्या बाहीला लागेल इतकं जवळ बस, पुरे. आणि खेळ संपला की लगेच कळव. तुझे भाऊजी म्हणतात, तुम्ही दोघं भावंडं म्हाताऱ्याला काचेचं भांडं समजता. त्यांना मी दुसऱ्या खोलीत पाठवलं आहे.

माझी माया नेहमीसारखीच. फक्त पायऱ्यांवर पाय उचल.

तुझी,
ताई


२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या माथीचे पाप काढून घे, ते माझ्याच माथी शोभते.

काल खेळ झाला. नगरवाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची ती खोली, लाकडी खुर्च्या, मंडळाची दहा गंभीर माणसे आणि बाबा. मी बाहीला बाही लावून बसलो. पहिली वीस मिनिटे ठीक गेली. मग पहाटेच्या हजेरीचा प्रसंग आला. लठ्ठ पहारेकरी कैद्यांच्या तोंडावर थुंकी उडवत एका दमात जे काही ओरडतो ते मी या पत्रात लिहू शकत नाही. खाली माझी ओळ उमटली: 'कृपया रांगेत उभे राहावे.'

बाबा हसले.

मला वाटले खोकला असेल. पुढच्या प्रसंगात तोच इसम एका कैद्याच्या आईचा उद्धार करतो, आणि खाली माझी ओळ: 'आज हवा बरी नाही.' बाबांचे खांदे हलू लागले. तिसऱ्या ओळीला ते मोठ्याने हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आमचे अध्यक्ष माझ्याकडे असे पाहू लागले, की म्हातारबांना बाहेर न्यावे. पडद्यावर माणसे मरत होती, सगळी खोली सुन्न होती आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तोच एकटा हसत होता.

ताई, ती भाषा बाबांना येते. तीन वर्षे सकाळ-संध्याकाळ तिच्यातला ओरडा खाल्ला म्हटल्यावर येणारच. चौपन्न वर्षांचा मी, भाषांवर पोट भरणारा, आणि ही एवढी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही, तुझ्याही नाही. घरात त्यांनी तिचा एक शब्द उच्चारला नाही, म्हणून ती त्यांच्यात नाहीच असे आपण धरून चाललो.

दिवे लागल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर विचारले, की या पहारेकऱ्यांना बँकेतल्या कारकुनासारखे वळण कुणी लावले. मी हात वर केला. शाळेतसुद्धा इतका वर कधी केला नव्हता. जिना उतरताना ते थांबले आणि म्हणाले, "अहो शास्त्री, तुमचं 'कृपया' चुकीच्या माणसाच्या तोंडी गेलंय. तिथे आम्हाला 'कृपया' फक्त आम्हीच म्हणत होतो."

मग सांगितले, जिन्यातच, कठड्याला धरून. त्यांच्या झोपडीत चाळीस माणसे होती. पहारेकरी त्यांना जनावरांच्या नावांनी हाका मारत. एका वयस्क घड्याळजीने ठरवले, की आत आल्यावर प्रत्येकाने प्रत्येकाला अहो म्हणायचे. 'जरा सरकता का', 'आपली वाटी राहिली', 'माफ करा, आपल्या पायावर पाय पडला'. चोरालाही अहो, पोरासोरालाही अहो. कुणी चुकला, अरे म्हणाला, तर त्याने उठून माफी मागायची. चित्रपटात उठाव असतो, बाबा म्हणाले, भुयार असते, तेही कुठे तरी झाले असेल. आमच्या झोपडीत एवढेच झाले, पण रोज झाले.

मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, माफी नको, तो पहारेकरी म्हणतो तेच लिहा. आणि पाय उचलून उतरा.

तुझा आशीर्वाद असू दे, मला तो सध्या पुरत नाही.

तुझा,
शास्त्री


२६ मार्च

चि. शास्त्र्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा 'आज हवा बरी नाही' पर्यंत आले आणि इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्या बाई पाणी घेऊन आल्या. मग पुढचं वाचलं, आणि ते पाणी उपयोगी पडलं.

मी पाच वर्षांची असताना दूध सांडलं होतं. बाबा खाली वाकून म्हणाले होते, आपण दूध सांडलंत, आता आपण दोघं पुसू या. गल्लीतली पोरं मला त्यावरून चिडवायची, महाराणी म्हणायची. मी घरी येऊन रडले, की मला सगळ्यांसारखं ए म्हणा. ते हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अहो. आपण त्याला बाबांचा विक्षिप्तपणा म्हणत आलो. मी तर माझ्या लग्नात त्यावर नक्कलसुद्धा केली, आणि ते सगळ्यांत जास्त हसले होते.

न विचारणं म्हणजे माया, असं मी मागे लिहिलं, ते खोडून टाक. त्यांना झोप लागते का? जेवतात का? आता ते काम तू एकटा करू नकोस. त्यांना विचार, बसाल का माझ्याबरोबर म्हणून. आणि खरंखुरं लिहा दोघं मिळून.

आशीर्वाद दुप्पट पाठवते आहे, त्यातला अर्धा त्यांना चोरून दे.

तुझी,
ताई


५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबा झोपतात, जेवतात आणि गेले आठ दिवस दुपारी तीनच्या ठोक्याला माझ्या कामाच्या खोलीत हजर होतात. मी विचारले तेव्हा म्हणाले, विचारायला आपण फार वेळ लावलात. आणि कोट घातला.

इतके आनंदी त्यांना मी आई गेल्यानंतर पाहिले नाही. यंत्रावरच्या बाई त्यांच्यासाठी खुर्चीवर उशी घालून ठेवतात, कॉफी आणतात. त्या एरवी कुणाचे ऐकत नाहीत. बाबा 'मागे घेता का, अहो' म्हणाले की रीळ आपोआप मागे जाते. संपादक म्हणून मात्र बाबा निर्दय आहेत. कैद्यांच्या बुटांत नाड्या आहेत यावर त्यांचा पहिला आक्षेप. तिथे नाडी हे सोने होते म्हणे. तिने बूट पायात राही, आणि बूट पायात राहिला तर माणूस संध्याकाळी परत येई. तुझ्या चार कोटांचे उत्तर मिळाले. दुसरा आक्षेप, झोपडी फार शांत आहे. चाळीस माणसांत कुणी तरी खोकतच असते. चोराचे काम करणारा नट मात्र त्यांना पसंत पडला. त्याला पाहिले की 'अगदी, अगदी' म्हणतात.

खरी पंचाईत शिव्यांची. अकरा वर्षांच्या अध्ययनात मला एकही कामाची शिवी शिकवली गेली नाही. बाबा मूळ शिवीचा अर्थ, पदच्छेद आणि विनियोग शांतपणे समजावून देतात, मी पर्याय सुचवतो, ते चव घेतल्यासारखे करतात आणि म्हणतात, सौम्य आहे, अजून जरा कुजवा. हे भाष्य एकदा जेवणाच्या टेबलावर रंगले. तुझी भावजय ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिथून म्हणाली, की तुमचा अभ्यास झाला की मला हाक मारा, सभ्य भाषेत. कैद्यांना आम्ही सगळीकडे अहो केले आहे. अध्यक्षांना ते खटकले. बाबांनी त्यांना जिन्यातली गोष्ट सांगितली, आणि अध्यक्षांनी चष्मा पुसला.

जाहीर खेळ रविवारी आहे. सगळे झाले, एक प्रसंग सोडून. एक मिनिट चाळीस सेकंद, एकोणीस ओळी. कुंपणाची तार कुणीतरी कापलेली असते. हजेरीला सगळ्यांना उभे करून अधिकारी विचारतो, कुणी केले. सांगितले नाही तर दर दहावा माणूस जाईल. मग एक जण पुढे येतो. त्याने काही केलेले नसते. बाकीचे उभे राहतात.

तिथे आले की बाबा म्हणतात, हे शेवटी करू. आठ दिवस म्हणतात. काल बूट घालताना त्यांनी मला सांगितले, "उद्या आधी लेखणी खाली ठेवा. तो प्रसंग लिहिण्याआधी मला आपल्याला एक सांगायचंय. ताईंनाही सांगेन, पण आधी आपल्याला."

शक्य झाले तर शनिवारी ये. कारण सांगू नकोस, खेळाला आलीस म्हण.

सौम्य ओळी मी बाबांच्या हृदयासाठी लिहिल्या असे तुला लिहिले होते. तसे नव्हते. मलाच ऐकायचे नव्हते. आता मला एवढे कळते, की अशा रांगेतून जो पुढे आला तो घरी आला नाही, आणि बाबा घरी आले. ते तेवीस वर्षांचे होते, त्यांच्या जागी मी असतो तर मीही उभाच राहिलो असतो, हे सगळे मी मनाशी घोकले आहे. तरी आज तीन वाजता ते सांगत असताना माझ्या चेहऱ्यावर क्षणभर काय येईल ते माझ्या हातात नाही, आणि बाबा ते वाचतील. मला त्याची भीती वाटते.

तुझा,
शास्त्री