साहेबाचा पलंग

३ फेब्रुवारी

साहेबाने अखेर खुर्ची ओकली! एकदम नाही – आधी ओठाच्या कोपऱ्यातून एक पाय, मग पाठ, मग बाकीची. खुर्ची जमिनीवर उभी राहिली तशी त्याने तोंड पुसलं, जसं काही घडलंच नाही. जेवताना माणूस तोंडातली बी हळूच काढून ताटाच्या कडेला ठेवतो, तसं. मला अगदी तेच हवं होतं.

आता टेबल. मग पलंग, पलंगावर झोपलेली त्याची बायको. सगळं घर बाहेर आलं की साहेब स्वतःची छाती उघडणार, आत शिरणार आणि दार लावून घेणार. संपला चित्रपट. यातून काय समजायचं, असं लोक विचारतात. काही समजू नका. घाबरा आणि हसा – एकाच वेळी जमलं तर उत्तम.

वीतभर बाहुला, पण दात खरे आहेत. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरने बरणीभर दिले, त्यातले कानशीने घासून बारीक केले. हात माझ्या जुन्या चामडी हातमोज्यांचे.

एक गोष्ट. तोंड पुसताना त्याचा हात माझ्याकडून जास्त सरकला. परत जागेवर आणला, परत जास्त सरकला. थकवा असेल.

४ फेब्रुवारी

थकवा नाही.

११ फेब्रुवारी

संकलकाला चित्रण पाठवलं होतं. जुना मित्र, माझ्या प्रत्येक चित्रपटाला त्याचीच कात्री. आज फोन आला.

"अगं, काय कमाल केलीस! साहेब थरथरतोय! आत भूकंप चालू असल्यासारखा. मुद्दाम केलंस ना?"

"हो. मुद्दाम."

"सुचतं कसं तुला?"

"सुचतं."

फोन ठेवला आणि उजव्या हातावर बसले. अक्षरशः. लहान मुलाला शिक्षा करतात तसं.

१९ फेब्रुवारी

मेंदूच्या डॉक्टरने कागदावर चक्र काढायला लावलं, गोगलगायीच्या पाठीवर असतं तसं. माझं काटेरी तारेसारखं आलं.

"काय करता आपण?"

"बाहुल्या हलवते. किंचित हलवायची, फोटो काढायचा, परत हलवायची."

"मुलांसाठी?"

"नाही. मुलं रडायला लागतात."

हसला नाही. आजार वाढत जाईल म्हणाला. गोळ्यांनी थोडा आवरेल, पण बरा होणार नाही. दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "शक्यतो बारीक कामं टाळा."

माझ्या आयुष्यात जाडं काम आहे कुठलं?

२० फेब्रुवारी

गोळ्या सुरू. दिवसभर मळमळ. साहेबासमोर बसून राहिले. दोघांपैकी कुणीच काही ओकलं नाही.

२६ फेब्रुवारी

संकलकाला खरं सांगून टाकलं. तो म्हणाला, "थरथर संगणकावर पुसता येते. बघ तर खरं!" संध्याकाळपर्यंत पुसून पाठवलीही.

बघितलं. साहेब तेल लावल्यासारखा सरकत होता. ना वजन, ना हाडं. काचेच्या टाकीतला मासा! माझ्या चुकांसकट तो जिवंत तरी होता.

"नको," म्हटलं.

"मग काय करणार आहेस?"

हवापाण्याच्या गप्पा मारून आम्ही फोन ठेवले.

२ मार्च

ताई आली. न कळवता, भलीमोठी बॅग घेऊन. तिला आजाराचं कुणी सांगितलं? संकलकानेच, दुसरं कोण!

आल्या आल्या खोलीभर नजर टाकली. खिडकीला चिकटवलेला काळा कागद, दोरीवर वाळत घातलेली सुटी डोकी, बरणीतले दात. "धाकटे, इथे माणूस राहतं का भूत?"

"दोघं. आळीपाळीने."

मग साहेबापुढे वाकून उभी राहिली. चष्मा वर केला, खाली केला. "हा नवरा आहे का कोण?"

"कुणाचा?"

"कुणाचाही. चेहरा नवऱ्याचा आहे."

बऱ्याच दिवसांनी हसले.

ताईने जन्मभर चष्म्याच्या दुकानात काड्यांचे स्क्रू बसवले. डोळ्याला दिसणार नाहीत असले. रात्री जेवताना म्हणाली, "माझे हात रिकामेच आहेत. सांग काय करायचं ते." भांडी विसळून देते म्हणावं इतक्या सहज.

६ मार्च

ताईची शिकवणी. शॉट चालू असताना सेटजवळ शिंकायचं नाही, टेबलाला टेकायचं नाही, दिवे जागचे हलवायचे नाहीत.

"श्वास घेतला तर चालेल?"

"तिकडे तोंड करून."

चिमटा धरला की तिचा हात दगडासारखा. केसाएवढं म्हटलं की केसाएवढंच सरकवते. मला बघवत नव्हतं. हेवा वाटत होता, सख्ख्या बहिणीचा.

१४ मार्च

टेबलाचा शॉट पूर्ण. लावून बघितला. एकही चूक नाही, आणि साहेब मेलेला! टेबल बाहेर काढतोय, पण त्याला ना लाज, ना कळ. सांगितलेलं काम करतोय.

तोंडातून निघून गेलं – "तू हलवलंस की हा दुकानातला नोकर वाटतो!"

ताईने चिमटा खाली ठेवला. कडेला, नीट, जागच्या जागी.

१५ मार्च

ती बोलत नाही. घर झाडलं, माझे कपडे वाळत घातले.

दुपारी मी म्हटलं, "ताई, जायचं असेल तर जा."

तेव्हा बोलली. "मी तुझा चित्रपट पुरा करायला आले असं वाटलं तुला? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. माणसाच्या पोटातून टेबल निघतं, त्याला मी काय करू? तू एकटी या काळोखात बसून राहशील म्हणून आले. हात काय, सोबत होते म्हणून दिले."

माफ कर म्हणायचं होतं. चहा करते म्हटलं. कप धरवेना, बशीत सांडला. तिने बशीतलाच प्यायला.

२३ मार्च

नवीन पद्धत काढली. आधी मी स्वतः करून दाखवते. आज खोलीच्या मधोमध उभी राहून न दिसणारा पलंग ओकले! मान वाकडी, डोळे वर, गुडघे वळलेले. ताई हसून हसून खाली बसली. मग एकदम थांबली.

"तुझा हात हलतोय ना, तो मुद्दाम हलवतेस की आपोआप?"

"आपोआप."

"मग तेवढं त्याच्यात घालू का?"

आणि घातलं. मोजून, हवं तिथेच, हवं तेवढंच. माझी थरथर तिच्या स्थिर हाताने साहेबाच्या अंगात गेली. लावून बघितलं – त्याला कळ आली होती. लाजही.

मी न्हाणीघरात जाऊन रडले. आनंदाने? कोण जाणे. तीस वर्षं जे माझ्या बोटांत होतं ते तिकडे गेलं, आणि मी उरले नकला करून दाखवणारी म्हातारी.

१ एप्रिल

शर्टाची बटणं लागत नाहीत. ताई लावते. वरचं लावताना म्हणते, "हनुवटी वर." साहेबालाही तेच सांगते, त्याच आवाजात.

गोळ्या वाढवल्या. अक्षर बारीक होत चाललंय – ही ओळ मलाच वाचता येत नाही. डॉक्टर म्हणतो हे असंच होणार. पुढच्या वर्षी लिहिता येईल का, विचारलं नाही.

५ एप्रिल

ताईने विचारलं, "पलंगावरची बाई स्वप्नात काय बघते?"

"मला माहीत नाही."

"ठरवायला नको? त्यावर तिचा श्वास ठरेल."

तीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. मीही विचारला नाही. शेवटी ताईनेच ठरवलं. काय ते सांगत नाही. "तुला कशाला? झोपलेली ती आहे."

पांघरूण इतकं हळू वर-खाली होतं की नीट बघितल्याशिवाय कळत नाही. मी बघत बसते.

९ एप्रिल

पलंग अर्धा बाहेर आलाय. साहेबाचा जबडा फाटेल की काय असं वाटतं. लाकूड, चादर, बायकोचे पाय. उरलेलं शरीर अजून त्याच्या आत. सेटला हात लावायचा नाही. वाऱ्याने चादर हलली तरी सगळं फुकट, म्हणून पंखा बंद. घामाने आम्ही दोघी निथळतोय.

ताई म्हणाली, "हा पिक्चर लागेल तेव्हा मी पहिल्या रांगेत बसणार. आणि शेजारच्याला सांगणार, पलंग मी काढलाय."

लागेल, म्हटलं. विश्वास नव्हता. एवढं काम उरलंय आणि आम्ही दोन म्हाताऱ्या. पण म्हटलं.

१२ एप्रिल

ताई गेली.

सकाळी चहा गाळता गाळता खाली बसली. दवाखान्यात पोचेपर्यंत होती, नंतर नाही. हृदय म्हणाले.

नर्सने सांगितलं, हात नीट ठेवून घ्या, अजून मऊ आहेत. मी तिचा उजवा हात उचलून तिच्या छातीवर ठेवला. करंगळी वाकडी राहिली होती. ती किंचित सरळ केली आणि दोन पावलं मागे सरून उभी राहिले. हलवायचं आणि कॅमेऱ्यासमोरून बाजूला व्हायचं – दुसरं केलंय काय जन्मभर!

"बाई, कशाला थांबलात?" नर्सने विचारलं.

मी पुढे झाले. शेजारचं बोट जरासं हलवलं. परत मागे सरले.