केस्ट्रलवाला भाऊ, ओरिगावाला नवरा

३ ऑक्टोबर २०११

ती. मेन्नाताईस,
गेथिनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भिंतीची ओल, शेजारच्या कुत्र्याची पिल्लं आणि आपल्या गावानं रग्बीत पुन्हा खाल्लेला मार, सगळं दोनदा वाचलं. तुरुंगात वाचायला पत्र असणारा माणूस श्रीमंत समजला जातो, म्हणून हात आखडता घेऊ नकोस.

इथली ताजी खबर म्हणजे माझी कोठडी बदलली. सोबतीला डॅरिल नावाचा ब्रिस्टलकडचा माणूस आहे, मान बैलासारखी. चांगल्या वागणुकीचं बक्षीस म्हणून त्याला गेमचं एक जुनं यंत्र ठेवायला दिलंय, आणि ते कुठलं असावं? ओरिगा! हसू नकोस. लहानपणापासून समोरच्या कंपनीच्या केस्ट्रलवर वाढलेला मी, आणि उशाशी ओरिगा. पहिल्याच दिवशी मी त्याला म्हणालो की ओरिगाचा कंट्रोलर हातात धरला की ओला साबण धरल्यासारखं वाटतं. त्यानं माझं डोकं पलंगाच्या लोखंडी कडेवर आपटलं. भुवई फाटली, उशीभर रक्त, टाके पडले. त्यानंतर मात्र आमचं जमलं. आता रोज खेळतो आणि रोज हरतो, कारण यंत्रच भिकार आहे.

आता कामाचं. नाताळाच्या आधी मला पायात पाळत ठेवणारा पट्टा अडकवून घरी सोडायला ते तयार आहेत. फक्त राहायला पत्ता हवा आणि त्या घरातल्या माणसांची संमती हवी. सुटकेचं काम बघणाऱ्या मिसेस प्रॉसर नावाच्या बाई तुला फोन करतील. आई गेल्यापासून मला घर म्हणावं असं तुझंच एक आहे. पत्ता नसला तर पुढची सगळी मुदत इथेच काढायची. ताई, इथला दुसरा हिवाळा मला नको. रात्रीची गोष्ट सोड, दिवसाढवळ्या पाठ भिंतीला लावून चालावं लागतं.

त्या शनिवारचं मी उगाळत बसत नाही. पेला हातातून निसटला, हे वकिलानंही सांगितलं होतं. तुझ्या एम्लिननं चारचौघांत माझी लाज काढली नसती तर काहीच घडलं नसतं, एवढं तर तूही मानशील. त्याला माझा नमस्कार सांग.

लोभ आहेच, फोन आल्यावर त्या लोभाला एक शब्द फुटावा एवढीच इच्छा.

तुझा,
गेथिन

---

११ ऑक्टोबर २०११

चि. गेथिन यास,
मेन्नाचे अनेक आशीर्वाद.

तुझी भुवई शिवली हे कळवलंस, पण नीट शिवली का ते नाही. नर्सला दाखवत जा. जखमेला हात लावायची तुझी खोड जुनी आहे.

मिसेस प्रॉसरचा फोन आला. विचार करून सांगते म्हणाले. बाई बऱ्या वाटल्या, उत्तर महिन्याभरात द्या म्हणाल्या.

एम्लिन बरा आहे, म्हणजे लोकांना बरा आहे असं सांगतो. बस चालवायचा परवाना गेला तो गेलाच. आता बेकरीत केकच्या खोक्यांना घड्या घालायला बसतो. चहा ओतताना अजून अंदाज चुकतो आणि कपाच्या शेजारी ओततो, मग मलाच विचारतो की कप कुणी सरकवला. खेळतो अजून. मान तिरकी करून बसतो, म्हणून संध्याकाळी मान दुखते. मी चोळून देते.

तू उगाळत नाहीस म्हणालास, तर मी उगाळते. मी माडीच्या दारात सँडविचचं ताट घेऊन उभी होते. दर वर्षी नाताळाआधीच्या शनिवारी मॅच संपली की तुम्ही क्लबाच्या माडीवर दोन्ही कंपन्यांवर खटला चालवता. मला आधी हे पोरकट वाटायचं, पण नियम मात्र आवडायचा: ज्याच्या घरी जे यंत्र, त्यानं त्याच कंपनीवर आरोप ठेवायचे. जो आपल्याच कंपनीची कड घेईल त्यानं बारवर मुरत ठेवलेल्या अंड्यांच्या बरणीतलं व्हिनेगर पेलाभर प्यायचं. परक्याला शिव्या कुणीही घालतो, असं बारवाला हायवेल म्हणायचा.

त्या दिवशी न्यायाधीश एम्लिन होता, डोक्यावर फरशी पुसायचा मॉप घालून. केस्ट्रलनं ऑनलाइन खेळायला पैसे घ्यायला सुरुवात केली होती आणि आरोप तू ठेवायचा होता. तू उठलास आणि म्हणालास की सर्व्हर काय झाडाला लागतात का, खर्च येतोच. एम्लिननं आठवण करून दिली की ओरिगानं हेच केलं तेव्हा तू त्यांना दरोडेखोर म्हणाला होतास आणि क्लबाच्या आवारात त्यांचं खोकं जाळलं होतंस. सगळे हसले. मीही हसले. हायवेलनं पेला भरून तुझ्या हातात दिला.

तू तो ओठांपर्यंत नेलास आणि हातभर अंतरावरून एम्लिनच्या तोंडावर हाणलास. काच डोळ्यातच फुटली आणि त्यावर व्हिनेगर. माणूस तसा ओरडू शकतो हे मला माहीत नव्हतं. तो गुडघ्यांवर आला, बोटांमधून रक्त वाहत होतं, मॉप अजून डोक्यावर होता. आणि तू त्याच्या बरगड्यांत लाथा घातल्यास. दोन बरगड्या मोडल्या. हायवेलनं तुझा गळा आवळून तुला मागे ओढलं तेव्हा कुठे थांबलास. निसटलेल्या पेल्याला बूट नसतात, गेथिन.

राग येईल तुला. येऊ दे. पिल्लांपैकी एक आपण ठेवावं असं एम्लिनचं म्हणणं आहे, मी अजून हो म्हटलेलं नाही.

लोभ आहे, त्याच्याशेजारी रागालाही थोडी जागा करून दिली आहे.

तुझी,
मेन्ना

---

२४ ऑक्टोबर २०११

ती. मेन्नाताईस,
सा. न. वि. वि.

बुटांचं तू लिहिलंस ते मला आठवत नाही. प्यायलो होतो.

इथे काय झालं ते ऐक. आमच्या मजल्यावर कीरन नावाचा एक जण आहे, बारीक, बडबड्या, माझ्यासारखाच केस्ट्रलवाला. जेवणाच्या रांगेत तो डॅरिलला म्हणाला की ओरिगा घेणाऱ्यांना बुद्धी यंत्राबरोबर फुकट मिळते, म्हणून ती फुकटच्या दर्जाची असते. रांग हसली. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो. डॅरिल रांग सोडून निघाला. कोठडीत गेला आणि मोज्यात माशाचा पत्र्याचा बंद डबा घालून परत आला.

पहिला फटका गालावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मला रांगेच्या टोकाला ऐकू आला. दुसरा डोळ्यावर. कीरन मटाराच्या परातीत पडला. पडलेल्या माणसाला डॅरिल मारत राहिला, ताई, वर लाथाही घातल्या. तीन पहारेकरी लागले. मटार लाल झाले होते. कीरनचा डोळा राहील की नाही, सांगता येत नाही म्हणतात.

आणि डॅरिलचं म्हणणं काय, तर आपल्याला फक्त घाबरवायचं होतं, मोजा हातातून सुटला! चोराच्या उलट्या बोंबा. हे ओरिगावाले सगळे असेच, स्वतःच्या कंपनीबद्दल एक शब्द ऐकून घ्यायचा नाही. एका वाक्यासाठी माणसाचा डोळा फोडणारा जनावर असतो. असल्याला कधी बाहेर सोडू नये, कुजवावा. त्याची बहीण त्याला लिहिते की सुटलास की माझ्याकडेच ये. कसली बाई आहे! तिच्या घरात दुसरी माणसं नाहीत? मी तिच्या जागी असतो तर दार उघडलं नसतं.

त्याला शिक्षेच्या कोठडीत टाकलाय. त्याचं यंत्र इथेच राहिलंय. मी हात लावत नाही.

मिसेस प्रॉसरना काय सांगितलंस? इथून लवकर काढ मला. विनवणी समज.

लोभाची खूण म्हणून दोन ओळी तरी पाठव.

तुझा,
गेथिन

---

२ नोव्हेंबर २०११

प्रिय गेथ,
स. न. वि. वि.

ओळी वाकड्या गेल्या तर समजून घे, कागद एका डोळ्यानं सरळ दिसत नाही. तुझी पत्रं मेन्ना मला वाचून दाखवते. काही ठिकाणी थांबते, म्हणजे तिथे माझं नाव असणार.

तुझ्या केस्ट्रलनं आता चष्मा लावून खेळायचे त्रिमितीतले गेम काढलेत, ज्यांना दोन डोळे लागतात. म्हणजे माझ्याकडे शेवटी त्यांच्याविरुद्ध एक अशी तक्रार आहे जिला तुझ्याकडे उत्तर नाही. हस, माकडा. मी हसलो होतो.

या वर्षी क्लबात खटला भरणार नाही. हायवेलनं अंड्यांची बरणीच काढून टाकली. पण बसल्या बसल्या मी माझ्यावरच एक खटला चालवला. गेल्या वर्षी केस्ट्रलकडून लोकांची नावं-पत्ते चोरीला गेले तेव्हा त्यांना फासावर द्या म्हणून मी बसमध्ये प्रवाशांना भाषण दिलं होतं. या उन्हाळ्यात ओरिगाकडून तेच चोरीला गेलं आणि मी म्हणालो की आजकाल कुणाचं सुरक्षित असतं. मॉप माझ्या डोक्यावर होता म्हणून मी न्यायाधीश झालो, एवढंच; या हिशोबानं पेला मलाही प्यायला हवा. तुझ्या बाबांनी केस्ट्रल का आणला होता ठाऊक आहे ना? त्या नाताळात दुकानातला ओरिगा संपला होता. ओरिगाचं एक खोकं शिल्लक असतं तर आपण दोघे एका बाजूला असतो, आणि मी आज बस चालवत असतो.

राग आहे. खोटं कशाला बोलू? सकाळी दाढी करताना फार असतो. पण तू तिथे भिंतीला पाठ लावून फिरतोस हे मला ऐकवत नाही. आपण सात वर्षांचे असल्यापासून मी तुला ओळखतो. मी मेन्नाला सांगितलंय की मागची खोली रिकामी करू. ती भांडी घासायला उठली, म्हणजे हो असणार. ये तू.

तुझ्याकडून लोभ राहील तेवढा राहो, फेकायचं असेल तर उशी फेक.

तुझा,
एम्लिन

---

९ नोव्हेंबर २०११

चि. गेथिन यास,
अनेक आशीर्वाद.

कीरनच्या डोळ्याचं काय झालं ते कळव. मी त्याला ओळखत नाही, पण रोज मनात येतो.

एम्लिनचं पत्र मीच टपालात टाकलं. तो तुला ये म्हणाला, ते त्याच्या मनातलं आहे. तो फार मोठ्या मनाचा आहे. पण आमच्या घराला दोन माणसांची संमती लागते, आणि दुसरी मी आहे.

तुझं डॅरिलबद्दलचं पत्र मी स्वयंपाकघरात वाचलं आणि पहिल्यांदा तुझी बाजू मला खरी वाटली. एका वाक्यासाठी डोळा फोडणारा जनावर असतो, खरं आहे. पडलेल्या माणसाला लाथा घालणारा कुजावा, तेही एक वेळ खरं. मग लक्षात आलं की तू कुणाबद्दल लिहितोयस हे तुला कळलेलं नाही. मोजा सुटला म्हटलं की तुला हसू येतं आणि पेला निसटला म्हटलं की मी मानावं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! केस्ट्रलनं पैसे घेतले तर खर्च, ओरिगानं घेतले तर दरोडा. तुमच्या खेळापुरतं असतं तर मी हसून सोडलं असतं.

पण तुलाच काय बोलू? खालच्या गल्लीतला प्राइसांचा मुलगा एकाचं डोकं विटेनं फोडून तुरुंगात गेला होता. सुटून बहिणीकडे राहायला आला तेव्हा आम्ही बायका तिच्या दारावर गेलो होतो. सगळ्यात पुढे मी. असल्या माणसाला घरात घेतेस, लाज वाटत नाही का, असं मी तिला तोंडावर विचारलं. ती दारातच रडली. आणि गेले दहा महिने मी स्वतःच्या भावासाठी कारणं गोळा करतेय. तो प्यायलेला होता. आईविना पोर. मनानं वाईट नाही. प्राइसांच्या मुलालाही आई नव्हती. त्याच्यासाठी मी एक तरी कारण शोधलं होतं का?

परवा एम्लिनच्या हातून बशी पडली आणि फुटली. काचेचा आवाज झाला तसा तो भिंतीला टेकला आणि दोन्ही हात तोंडावर धरले. नवरा माझा, मोठा बाप्या माणूस. मग मला म्हणाला की तुझ्या भावाला यातलं काही लिहू नकोस. म्हणून लिहिते आहे.

आज सकाळी मी मिसेस प्रॉसरना फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं की पुन्हा विचार करायचाय का. मी म्हणाले, केला. फोन ठेवून मी फार रडले. तुला तिथे कुणी भोसकलं तर ते माझ्या या एका शब्दामुळे, हे मला कळतं. तरी शब्द बदलणार नाही. ज्यानं माझ्या माणसाचा डोळा फोडला त्याला मी त्याच माणसाच्या घरात मागच्या खोलीत झोपवणार नाही, तो कुणाचाही भाऊ असो.

एम्लिनला अजून सांगितलेलं नाही. संध्याकाळी सांगेन. तो ओरडेल, ओरडू दे.

मी दर महिन्याला तुला भेटायला येईन, अगदी मुदत संपेपर्यंत. लोकरीचे मोजे आणि बनियन पाठवले आहेत. पाठ भिंतीला लावूनच चालत जा. जेवणाच्या रांगेत कुणाला हसू नकोस.

माझा लोभ आहे. तो कमी करता आला असता, तर हे पत्र लिहिणं सोपं गेलं असतं.

तुझी,
मेन्ना