एकाच दिवशी दोन पास

३ फेब्रु., सोम.
निलेश आला होता आमच्या क्यू बनवायच्या गाळ्यावर. (ह्यापुढे नुसतं नि. पूर्ण नाव लिहवत नाही.) चार महिने तोंड दाखवलं नाही आणि आज हसत हसत दारात. लग्न २७ एप्रिलला. मुलगी आईने बघितलेली, त्यांच्या जातीतली. पूल हॉलवरच्या पोरांकडून कळलंच होतं. मग मुद्द्यावर आला. डावाचा पहिला फटका मारायची त्याची काठी, ब्रेक क्यू, तिच्या शाफ्टला, म्हणजे पुढच्या दांडीला, चीर गेलीय, नवीन बनवून हवा.
"तुझ्यासारखा हात कुणाचा नाही ना यार, ॲनी."
सहा वर्षं. आणि मी यार.
हो म्हणाले. मूर्ख.

७ फेब्रु., शुक्र.
लाकूड निवडायला बसलो, मी आणि पप्पा. पप्पांना आता फारसं दिसत नाही, पण दांडी फरशीवर उभी आपटतात आणि कान लावतात. शिसव देखणं, पण जड, पुढचं टोक खाली ओढतं. धामण मामाने वसईहून पाठवलेली. लवचिक, एरवी खेळायला झकास, पण ब्रेकला नको. पहिल्याच फटक्यात पंधरा बॉल फोडायचे असतात, लाकूड लवलं की जोर त्यातच जिरतो. बाभूळ टणक, पण नेमकी मध्ये गाठ. ॲश बरा होता. पप्पा म्हणाले, आवाज चांगला आहे, बाजूला ठेव.
मग मेपल. त्यात एकच दांडी खरी, रेषा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. दोन वर्षं खिळ्याला टांगलेली. मी आणि नि.ने मिळून निवडली होती, आमच्या दोघांच्या
जाऊ दे.
पप्पांनी आपटली, म्हणाले हीच. ती कशासाठी ठेवली होती त्यांना माहीत नाही. किंवा माहीत आहे.

८ फेब्रु., शनि.
मेपल लेथवर चढवला. पहिला पास, म्हणजे पातळसं सोलून घेतलं. पुन्हा टांगला. असे तीन पास आणि दोन पासांच्या मध्ये तीन आठवडे आराम. लाकडाच्या आतला ताण सुटायला तेवढा वेळ लागतोच. घाई केली तर त्या दिवशी सरळ दिसतं, नंतर घरी जाऊन वाकतं. आठवीत होते तेव्हापासून पाठ आहे हे मला.
काम करताना बरं वाटलं. त्याचाच राग आला.

५ मार्च, राखेचा बुधवार.
सकाळी चर्चहून आले तर नि.चा मेसेज. लग्नपत्रिकेचा फोटो. खाली विचारलंय, डिझाइन कसं वाटतं गं?
दुसरा पास केला. उतरवून टांगायला हवा होता. नाही उतरवला. लगेच तिसरा करून टाकला. विसरून नाही, चुकून नाही. कपाळावर राख, पोटात उपास आणि हाताने हे काम.
वर घरी गेले तर पप्पा म्हणाले, "आज लेथ दोनदा चालला गं."
साफ करत होते म्हटलं. त्यांनी ताट पुढे सरकवलं फक्त.

८ मार्च, शनि.
नि. घेऊन गेला. टोकाची चामड्याची टीप कालच बसवली होती. काचेवर गोल फिरवून पाहिला त्याने, खाली उजेडाची फट केसाएवढीसुद्धा नाही. जाम खूष. इतक्या लवकर कसा झाला, विचारलं. लाकूड चांगलं होतं म्हटलं. पैसे काढायला लागला तर आहेर समज म्हटलं. जाताना माझ्या पाठीवर थाप मारली, हॉलवरच्या पोरांना मारतो तशी.
सांगता आलं असतं तेव्हाच. तो रिक्षा शोधत पाच मिनिटं कोपऱ्यावर उभा होता, तेवढ्यातही.

२७ एप्रिल, रवि.
आज कांदिवलीला त्याचं लग्न. मिस्साला गेले, घरी येऊन कोळंबीचं कालवण केलं. दोन घास गेले. मग खाली गाळ्यात जाऊन दगडासारखी बसले आणि रडले. चांगली तासभर रडले.
मग बाजूला ठेवलेला ॲश घेतला. पहिला पास केला, टांगला. पप्पांनी विचारलं कुणाचा. गिऱ्हाईकाचा म्हटलं.

८ जून, रवि.
ॲशचा तिसरा पास. मध्ये आराम दिला, दोन्ही वेळा पुरे तीन आठवडे. एक दिवस कमी नाही.

१२ जून, गुरु.
नि.चा मेसेज आला, तीन महिन्यांनी. "अगं, शाफ्ट जरा वाकलाय का? की मलाच भास होतोय? काचेवर ठेवला तर मध्ये उजेड दिसतो."
तीनदा वाचला. आनंद व्हायला हवा होता. सूड घेतला असंच समजत होते मी इतके दिवस. सूड कसला डोंबलाचा. वाकला की माझ्याकडेच परत येईल, एवढ्यासाठी केलं होतं. आज त्याचा मेसेज बघून छातीत जे धडधडलं, त्यावरून कळलं.
पप्पांनी ॲश हातात घेतला, बोट फिरवलं टोकापर्यंत. म्हणाले, "हा नीट झालाय. ज्याचा आहे त्याला देऊन टाक, बाय."
म्हणजे सगळं माहीत होतं त्यांना.
हा दिला तर वाकणार नाही. दहा वर्षं वाकणार नाही. मग नि.ला इथे मरोळला, गाळ्यावर यायचं काही कारणच उरत नाही.
उत्तर अजून लिहिलेलं नाही. ॲश परत खिळ्याला टांगलाय.