आईच्या खोलीतली पाहुणी

न्यूयॉर्क

चि. फाउस्तो यास थोरल्या बहिणीचा आशीर्वाद, रागासकट.

मी बरी आहे, काळजी नको. तुझा गुडघा कसा आहे? खोटं बोलताना दुखत नाही ना?

आईला जाऊन वर्ष होतंय. सांतो दोमिंगोला येईन, तिच्या खोलीत प्रार्थना करून वर्षभराचे हे दुखवट्याचे काळे कपडे तिथेच उतरवीन, असं मी कळवलं. तू लिहिलंस, "ताई, त्या आठवड्यात खोली पर्यटकांना दिलीय. मावशीकडे उतर, नाहीतर सीझन संपल्यावर ये."

आईलाच सांगायचं होतंस, सीझन बघून मर म्हणून!

मग मी मिसेस पार्कर या अमेरिकन बाईच्या नावाने त्याच तारखांना खोली मागितली. तुझं उत्तर लगेच आलं, "खोली रिकामी आहे, मॅडम. आमच्या आईची आहे, जुन्या शहरातली सगळ्यात गार खोली. अगदी आपलंच घर समजा."

समजले.

आईच्या तसबिरीपुढे कॉफीचा कप ठेव, साखर जास्त घाल. शनिवारी विमानतळावर मिसेस पार्करच्या नावाची पाटी धरून उभा राहशील, तेव्हा गोरी बाई शोधू नकोस. काळ्या कपड्यांतली दिसेल, तिची बॅग उचल.

तुझं गिऱ्हाईक,
मिरेया