वेलावर वाळलेले दोडके

बा, तू असता तर आधी वेलाकडं पाह्यलं असतं, मग माह्याकडं. मोर्णेकाठच्या आपल्या बागेत यंदा सारे दोडके मी वेलावरच वाळू दिले, एकही तोडू दिला नाई. रागावायचं तर रागाव.

तुहा राग मले पाठ आहे. मी लहान असताना पानाआड एक दोडका जून झाला होता. तू तो माह्या नाकासमोर धरला. "माळ्याच्या वेलावर जून दोडका? लोकं इचारतीन, माळी मेला का काय?" माळी मरून किती पावसाळे झाले, बा, अन् लोक यंदा तेच विचारून राहिले.

शाळेत मले तूच घातलं, बंगल्यावर भाजीची पाटी पोचवता पोचवता साहेबाले गळ घालून. आता मी अमरावतीले कापसाच्या कचेरीत आहे. तिथल्या साहेबाकडं काचेची पेटी आहे. आत मासे, मागं समुद्रातले खडक, शिंपले, पोवळी, सारं विलायतेहून आलेलं. मी इंग्रजीत म्हटलं, असं मीही घरी करीन. तो हसला. म्हणे, तुझ्या मुलखात समुद्र कुठं आहे? मी मान लववून बाहेर आलो, तू यायचा तसाच. अन् तवाच मले तुहा तो जून दोडका आठवला. साल काढली की आत नुसती जाळी, भोकाभोकाची, पोवळ्यावानी.

मायले निरोप धाडला, एकही दोडका तोडू देऊ नको; वाळले तवा सुटी घेऊन अकोल्याले आलो. खिडकीच्या काचा जोडून पेटी केली, पाणी झिरपू नये म्हणून सांध्यांत लांबी भरली, मोर्णेतल्या चार मासोळ्या आणल्या. पहिल्या खेपेले जाळी पाण्यातच ठेवली, तर पाणी सडलं अन् मासोळ्या वर येऊन तोंडं वासू लागल्या. त्या नदीत सोडून दिल्या. मग दोडके उभे चिरले, गेरू अन् निळीनं रंगवले अन् मागच्या काचेले बाहेरून लावले. दुसऱ्या मासोळ्या आणल्या. पुढून पाह्यलं की गुहाच गुहा दिसतात. माय पेटीपुढं बसून म्हणाली, "या मासोळ्यायले वाटत असन, आपन कोन्या मोठ्या शहरात आलो."

दादाले नाई पटलं. अमेरिकेत लढाई चालू आहे, म्हणून इथं कापसाले कधी नव्हता असा भाव आहे. तुह्या साऱ्या बागेत त्यानं कापूस लावला. राहिला हा एक मांडव.

"लोकं कापसावर हवेल्या बांधून राहिले," तो म्हणे, "अन् हा मासोळीले घर बांधते."

"मांडव मोडायचा नाई, दादा."

"काहून? एक तरी दोडका बाजारात नेला का तू? कापसाच्या कचेरीत खाते अन् कापसालेच नाई म्हणते."

"बागेत बाचं एवढंच राह्यलं. अन् मले पुढच्या सालीही दोडके लागतीन."

माय मधात पडली. तवा तो म्हणाला, "बरं. वेलावर दोडका आहे तोवर हात लावत नाई. शेवटचा उतरला का नांगर." तो बोलला की फिरत नाई. तुह्यावर गेला आहे.

बाकी सारे दोडके पेटीले लागले. एक राह्यला. बियाण्याच्या दोडक्याले तू चिंधी बांधायचा, कोणी तोडू नये म्हणून. तू गेल्यावर दरसाली माय बांधते. तो एकटा वेलावर लटकून आहे. दादा रोज येते, मान वर करून पाहते अन् परत जाते. जाऊ दे. चिरलेल्या दोडक्यांतून निघालेलं बी मी तिथंच खाली लावीन. हा वाळून पडायच्या आत नव्या वेलाले दोडका धरला पाहिजे, मग पाहू नांगर कसा येते ते.

हा कागद धाडायले ठिकाण नाई, म्हणून एक सांगून टाकतो. पेटीच्या डाव्या कोपऱ्यात जाळी पुरली नाई. तिथून मागची भिंत दिसते अन् माहा सारा समुद्र खोटा पडते. काल मी विळा घेऊन मांडवाखाली गेलो होतो. दोडका हातात धरला. चिंधी मायच्या लुगड्याची, पण गाठ तिनं तुह्यासारखी मारली आहे.

परत आलो. दिसते भिंत तर दिसू दे.